घरातील मारहाण : धोका ओळखायचा कोणी?

(आपटा, ता. पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जमीन, रोजगार आणि पाणी या विषयांच्या पंक्तीला घरातील मारहाणीचा विषय बसवला, याचे काही मित्रांना नवल वाटले असे कानावर आले. हा विषय महिला आघाडीच्या खात्यावर टाकून मोकळे व्हावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणूनच आज समोर पुरुष कार्यकर्ते अधिक संख्येने बसलेले पाहून बरे वाटले. बायकोला मारणे वाईट असते, हे सांगण्यासाठी मी आलेली नाही. मला एका मर्यादित प्रश्नावर बोलायचे आहे. मार खाल्लेली बाई उंबरठ्याबाहेर पडते तेव्हा ती ज्यांच्यासमोर प्रथम उभी राहते, ती आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टर आणि डॉक्टर, पोलीस पाटील, ठाणे अंमलदार, संरक्षण अधिकारी, आणि पुष्कळदा आपल्यासारखे कार्यकर्ते, या सर्वांना धोका ओळखायला शिकवले आहे कोणी?

प्रश्न जुना आहे. १९८२ च्या जून महिन्यात पुण्यात मंजुश्री सारडा ही नवविवाहिता विषबाधेने मरण पावली. मरणापूर्वी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती आणि आपल्या मनातील भीती त्यांत व्यक्त केली होती. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याची पाच सूत्रे त्या निकालपत्राने घालून दिली, आणि देशभरातील फौजदारी वकील आजही ती उद्धृत करतात. निकाल बरोबर की चूक हा वाद मी येथे काढत नाही. मला त्या पत्रांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. बाईच्या मृत्यूनंतर त्या पत्रांतील ओळ अन् ओळ तीन न्यायालयांनी तपासली, तिच्यावर पानेच्या पाने लिहिली. ती जिवंत असताना याच मजकुराला 'घरगुती कुरबूर' यापलीकडे काही नाव नव्हते. पुण्यातल्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन मांडले, त्याला स्त्रियांनी गर्दी केली, ती याच कारणाने. आपल्याही पेटीत अशी पत्रे आहेत, हे त्यांतील कित्येकींना ठाऊक होते.

त्या काळातील चळवळीमुळे कायदा हलला. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले, लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीने मरण पावली तर शवचिकित्सा करण्याची तरतूद झाली, आणि १९८६ साली हुंडाबळीचे स्वतंत्र कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि या कलमांचे आकडे बदलले, आशय तोच राहिला. या सगळ्या कायद्याचे तोंड मागच्या बाजूला आहे. झालेल्या कृत्याचा दोष कोणाचा, आणि तो संशयापलीकडे सिद्ध होतो काय, हे तो विचारतो. तसे विचारलेच पाहिजे. आरोपीलाही न्याय हवा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु पोलीस ठाण्याच्या बाकावर पोर कडेवर घेऊन बसलेल्या बाईच्या बाबतीत निराळा प्रश्न विचारायचा असतो. ही आज घरी गेली तर रात्री काय होईल? पुढच्या महिन्यात काय होईल? याचे उत्तर द्यायला दोष सिद्ध व्हावा लागत नाही. खुणा वाचता याव्या लागतात. गुन्हा शाबीत करणे आणि धोका पारखणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या यंत्रणेला पहिले थोडेफार येते, दुसरे तिने शिकलेलेच नाही. ती पोकळी ती समेटाने भरून काढते.

कायद्यात हे काम लिहिलेले नाही असा मात्र समज करून घेऊ नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या नियमांतील आठव्या नियमाप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याने परिस्थितीतील धोक्याचे मूल्यमापन करायचे आहे आणि त्या बाईशी विचारविनिमय करून सुरक्षा योजना तयार करायची आहे. त्यासाठी 'नमुना ५' नावाचा छापील तक्ता आहे. मारहाण पुन्हापुन्हा होते काय, ती वाढत चालली आहे काय, गळा आवळण्याचा प्रयत्न झाला काय, मुलांना मारतो काय, स्वतः आत्महत्या करण्याची धमकी देतो काय, व्यसन आहे काय, असे प्रश्न त्यात आहेत, आणि प्रत्येक धोक्यापुढे काय उपाय करावा व न्यायालयाकडून कोणता आदेश मागावा यासाठी रकाने आहेत. परदेशातून तज्ज्ञ बोलावून शिकावे असे जे काही आहे त्याचा सांगाडा आपल्या राजपत्रात छापून पडलेला आहे. हा तक्ता भरलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांनी हात वर करावेत, असे मी इतर ठिकाणीही विचारते. क्वचितच एखादा हात वर होतो, आणि तोही बहुधा वकिलाचा असतो.

याच कायद्याच्या अकराव्या कलमाने पोलीस अधिकारी आणि न्यायिक सेवेतील व्यक्ती यांना नियतकालिक प्रशिक्षण देण्याची जबाबदारी केंद्र व राज्य सरकारांवर टाकली आहे. प्रत्यक्षात आपल्या राज्यात संरक्षण अधिकाऱ्याचे काम सुरुवातीला इतर खात्यांतील अधिकाऱ्यांच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून बांधले गेले. ज्याच्या टेबलावर सातबाऱ्याचे आणि योजनांचे ढीग, त्याने नमुना ५ कधी उघडावा? कायद्याला जवळपास एकोणीस वर्षे झाल्यावर, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना आदेश द्यावा लागला की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातील अधिकारी हुडकून त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. नेमणूक होईल. शिकवण्याचे काय?

आता आपट्याहून विचार करू. येथील पोलीस ठाणे रसायनीचे, ते रायगड पोलिसांकडे. तालुक्याचा मोठा भाग मात्र नवी मुंबई आयुक्तालयाकडे. न्यायालय पनवेलला. जिल्ह्याचे महिला व बालविकास कार्यालय अलिबागला. कर्नाळ्याच्या आसपासच्या कातकरी वाडीतली बाई पावसाळा संपला की नवऱ्यामागे वीटभट्टीवर जाते; भट्टी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे ना तिची आशा, ना तिची अंगणवाडी. उचल नवऱ्याच्या नावे घेतलेली असते, त्यामुळे तिला एकटीने निघून येताही येत नाही. ज्या बाईला हा सगळा नकाशा ओलांडायचा आहे, ती जिथे पहिल्यांदा तोंड उघडते ती जागा बहुधा शेवटचीही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रिया कोणापाशी बोलल्याही नव्हत्या. ज्या बोलल्या त्याही मुख्यत्वे माहेरी. डॉक्टर आणि पोलीस यांच्यापर्यंत पोचणाऱ्या अगदी मूठभर.

खुणा कोणत्या, हे आता सांगते. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या परिचारिका-संशोधिकेने १९८५ साली धोका पारखण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिचा आरंभ प्रश्नांनी होत नाही, दिनदर्शिकेने होतो. गेल्या वर्षभरात कोणकोणत्या दिवशी मार बसला आणि किती, हे बाईने दिनदर्शिकेवर खुणावायचे. यादी बोलता बोलता लहान होते, दिनदर्शिकेवर ती लपत नाही; खुणा दाट होत चालल्या आहेत हे बाईलाच प्रथम दिसते. आपल्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर अशा खुणा करणे म्हणजे आगीत तेल, कारण तो सासूच्याही डोळ्यांसमोर असतो. पण आपल्या बायका तारखेने सांगत नाहीत. 'गणपतीत माहेरी पाठवली नाही तेव्हा', 'शिमग्याला पिऊन आला तेव्हा', 'धाकटीच्या बारशाच्या आदल्या दिवशी', असे त्या सांगतात. ऐकणाऱ्याला सणवार, पेरणी आणि पगाराचा दिवस धरून वर्ष उभे करता आले पाहिजे. हे कौशल्य आहे, आणि ते आशाताईंना डॉक्टरांपेक्षा लवकर साधते.

दुसरी खूण गळ्याची. गळा आवळला तर बाहेरून वळ दिसेलच असे नाही. आवाज घोगरा होतो, घास गिळताना दुखते, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात, आणि काही वेळा त्रास तासांनी वा दिवसांनी उफाळतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले की ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी आवळला आहे तिचा त्याच्या हातून खून होण्याचा संभव सात पटींहून अधिक असतो. आपल्याकडे काय होते? रक्त नाही, मोडतोड नाही, म्हणून साधी दुखापत, साधी दुखापत अदखलपात्र, म्हणून एन. सी. नोंदवून बाईच्या हाती कागदाचा चिटोरा. ठाणे अंमलदार दुष्ट असतो असे नाही. हाताच्या फ्रॅक्चरपेक्षा त्या घोगऱ्या आवाजात अधिक मरण आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना सर्वांत अवघड जाते. बाई घर सोडण्याचा निर्णय घेते, तक्रार देते, माहेरी निघते, तो काळ सर्वाधिक धोक्याचा असतो. आपण म्हणतो, तक्रार दिली, आता तो घाबरेल. कित्येकदा उलटे होते. म्हणून तक्रार देण्यापूर्वी कागदपत्रे, थोडे पैसे, मुलांची शाळा, रात्री कोणाच्या घरी जायचे हे ठरवावे लागते. सुरक्षा योजना म्हणतात ती हीच.

परदेशी याद्या जशाच्या तशा येथे चालणार नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्या बंदुकीबद्दल विचारतात. येथे रॉकेल, विहीर आणि उंदराचे औषध यांबद्दल विचारावे लागते. त्या एका पुरुषाचा विचार करतात; येथे सासू, दीर, नणंद आणि कधी कधी बाईचा स्वतःचा भाऊही हिशेबात घ्यावा लागतो. आणि येथील धोका केवळ खुनाचा नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. यांतल्या प्रत्येकीच्या मागे मारहाण होती असे कोणी म्हणणार नाही. पण विष घेतलेल्या बाईचा केसपेपर 'चुकून प्यायली' या दोन शब्दांवर बंद करणाऱ्या डॉक्टरला तो पुढचा प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. एका घरातून दोनदा हाक येते तेव्हा ती जोडूनही वाचता आली पाहिजे. मे २०२५ मध्ये पुण्याजवळ एका सुस्थित घरातील सून मरण पावली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोषाविषयी मी बोलत नाही. पण त्याच घरातील थोरल्या सुनेने काही महिन्यांपूर्वी तक्रार दिली होती, हे नंतर उजेडात आले.

शिकवता येते काय, असा प्रश्न कोणी विचारील. येते. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि पोलिसांच्या शेजारी प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या. तो प्रयोग पुढे राज्य शासनाने उचलला व जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या पालिकेच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेने महापालिकेबरोबर 'दिलासा' हे केंद्र सुरू केले. बाईने केंद्र शोधत यावे अशी तिथे अपेक्षा नव्हती. ती जखम बांधायला, गर्भपातानंतर, विष घेतल्यावर रुग्णालयात येतेच. तेव्हा तिथल्या परिचारिकेनेच ओळखावे, आडोशाला घेऊन विचारावे आणि समुपदेशकाकडे पोचवावे, अशी योजना होती. माझ्या मते तिचे यश एका बाबीत आहे. शिकवणारे बाहेरून येऊन भाषण ठोकून गेले नाहीत. त्याच रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांतून शिकवणारे तयार केले गेले. बदली झाली, निवृत्ती झाली, तरी शिकवणे चालू राहिले.

याउलट आपल्या ओळखीचे सरकारी प्रशिक्षण आठवा. तालुक्याच्या सभागृहात एक दिवस, दीपप्रज्वलन, कायद्याच्या कलमांचे वाचन, चहा-बिस्किटे, हजेरीपत्रकावर सही, प्रमाणपत्र. संध्याकाळी सिस्टर गावी परतते आणि दुसऱ्या दिवशी सासूच्या देखत सुनेला विचारते, 'काय गं, घरी काही त्रास?' असे विचारण्यापेक्षा न विचारलेले बरे, कारण त्या प्रश्नाची किंमत सून रात्री मोजते. बाईला एकटीला गाठणे, तिची गोष्ट न तोडता ऐकणे, 'तू काय केलेस म्हणून त्याने मारले' असे चुकूनही न म्हणणे, तिने सांगितलेले तिच्या संमतीवाचून गावात न फोडणे, हे सराव करून शिकावे लागते. झालेल्या प्रकरणांवर महिन्याच्या महिन्याला एकत्र बसावे लागते. आणि विचारल्यानंतर देण्याजोगे काही हाती असावे लागते. रात्री राहायला जागा नाही, गाडी नाही, वैद्यकीय अहवाल देणारा डॉक्टर जागेवर नाही, अशा स्थितीत नुसते विचारायला शिकवणे ही त्या बाईची आणि त्या सिस्टरची, दोघींची फसवणूक आहे. २०१५ पासून 'सखी' केंद्रे आली, १८१ आणि ११२ हे दूरध्वनी क्रमांक आले, ही चांगली गोष्ट आहे. पण ती मदत जिल्ह्याच्या ठिकाणाहून वाडीवर यायला किती वेळ लागतो, हे मोजूनच सुरक्षा योजना लिहावी लागेल.

शिवाय हे काम आशाताईंवर टाकायचे तर त्यांच्या मानधनाचे काय, हे विचारण्याचे टाळता येणार नाही. गावातल्या गावात नवऱ्याच्या रोषाला तोंड देणारी ती बाई शासनाच्या लेखी अजून 'स्वयंसेविका' आहे. प्रशिक्षणाचा विषय कामगाराच्या हक्कापाशी येऊन पोचतो तो असा.

तक्त्यावर विसंबण्याचाही एक धोका आहे. स्पेनमध्ये २००७ पासून पोलीस संगणकीय प्रणालीने प्रत्येक प्रकरणाची धोक्याची पातळी ठरवतात. तिने पुष्कळ जीव वाचवले असतील. पण कमी धोका ठरलेल्या काही स्त्रिया नंतर मारल्या गेल्या, हेही तेथील वृत्तपत्रांना लिहावे लागले. गुण कमी पडले म्हणून बाईला परत पाठवण्याचे साधन आपल्या नोकरशाहीच्या हाती द्यायचे नसेल, तर तक्ता संरक्षण वाढवण्यासाठीच वापरावा, नाकारण्यासाठी नव्हे, असे नियमातच लिहून घेतले पाहिजे. बाई म्हणते 'तो मला जिवंत ठेवणार नाही', हे वाक्य कोणत्याही बेरजेपेक्षा वजनदार मानले पाहिजे.

आणि आता आपण. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळाली. बांधाचा वाद मिटवणे वेगळे आणि मार खाणाऱ्या बाईची 'समजूत काढणे' वेगळे. आपले कित्येक कार्यकर्ते या समित्यांवर बसले आहेत. 'पोरांकडे बघ', 'यापुढे तो असे करणार नाही, आम्ही आहोत ना', असे म्हणून, कागदावर दोघांचे अंगठे घेऊन तिला नांदायला पाठवले जाते, आणि तंटा मिटल्याची नोंद होते. पुढे त्या घरी कोणी फिरकत नाही. मिटलेल्या तंट्याच्या घरी आठवड्याने, महिन्याने कोण जाते, हे आपापल्या गावात विचारून पाहा.

त्या कायद्याचे चौथे कलम येथे ध्यानात ठेवा. हिंसा झाली आहे, होते आहे वा होण्याची शक्यता आहे असे ज्याला सकारण वाटते अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवल्याबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी बालंट येत नाही. 'होण्याची शक्यता' हे शब्द कायद्यातलेच आहेत. पोलीस पाटलाला, शिक्षकाला, रिक्षावाल्याला हे ठाऊक नाही. ते ठाऊक करून देणे आपल्या हातात आहे. मात्र कळवण्याआधी त्या बाईशी बोला. तिला न विचारता उचललेले पाऊल तिच्याच अंगावर कोसळते.

मागण्या थोड्या आहेत. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात ठळक लावलेला असावा. गेल्या तीन वर्षांत पनवेल तालुक्यात नमुना ५ किती प्रकरणांत भरला गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर 'निरंक' आले तर तोच कागद घेऊन अलिबागला जावे. गळा आवळल्याची तक्रार एन. सी. म्हणून नोंदवली जाऊ नये आणि अशा बाईची त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी लेखी सूचना जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून मागावी. आरोग्य केंद्रात एक तरी अशी खोली असावी जिच्या दाराला कडी आहे आणि जिथे सासूला 'बाहेर थांबा' असे सांगण्याचा अधिकार सिस्टरला आहे.

जेवणानंतर नमुना ५ च्या प्रती वाटल्या जातील. पाच-पाच जणांचे गट करू. आपल्या माहितीतले एक प्रकरण, नाव-गाव न घेता, प्रत्येक गटाने त्या तक्त्यात भरायचे आहे. कोणता रकाना रिकामा राहतो आणि तो भरण्यासाठी कोणाला काय विचारायला हवे होते, यावर चार वाजता बोलू.